अनोळखी माणसाचा आकडा

1841 साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारच्या कारभारावर कडक टीका करणारी पत्रं छापून येऊ लागली. खाली ‘एक हिंदू’ एवढीच सही. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला वाहून चालली आहे, इथला व्यापार आणि इथले कारागीर बुडताहेत, असं त्यांत सरळ लिहिलेलं होतं. ती पत्रं भास्कर पांडुरंग तर्खडकरांची. वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. सरकारचं आर्थिक धोरण ही कधीही न भेटलेल्या माणसांसमोर भांडून तपासायची गोष्ट आहे, हा विचार आपल्याकडे रुजला त्याची ही अगदी सुरुवातीची खूण.

लिहिणारा कोण, कोणाचा, कुठल्या हुद्द्यावरचा हे कळायला मार्ग नसल्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती फक्त मुद्दा उरला. पुढे 1848 पासून गोपाळ हरी देशमुखांनी ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहिली, तीही अशीच टोपणनावाची. म्हणून आज मोबाइलवर भलत्याच नावाने कोणी अर्थसंकल्पावर तावातावाने लिहिताना दिसला की केवळ नाव लपवलं म्हणून त्याला मोडीत काढणं मला पटत नाही. आपल्या सार्वजनिक वादाचा पायाच निनावी माणसांनी घातला आहे. बिघडलं आहे ते वेगळंच, आणि ते काय हे कळायला हा वाद कसकसा वाढत गेला ते पाहावं लागतं.

1876 मध्ये दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. तर्खडकरांनी जे संतापाने सांगितलं होतं ते दादाभाईंनी गणितात बसवलं. प्रांताप्रांतातली पिकाखालची जमीन, एकरी उतारा, बाजारभाव असं सगळं सरकारच्याच अहवालांतून काढून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न मांडलं : साधारण 20 रुपये. आणि त्याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं? कित्येक प्रांतांत मोकळ्या माणसाच्या वाट्याला येणारं उत्पन्न कैद्यावरच्या खर्चाइतकंही भरत नव्हतं.

हा आकडा सरकारला झोंबला. पण उत्तर आलं ते आकड्यानेच. 1882 मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी 27 रुपये काढले. 1901 मध्ये खुद्द कर्झनने 30 रुपये सांगितले. इंडिया ऑफिसातल्या डॅन्व्हर्स यांनी दादाभाईंच्या हिशेबातल्या एकेका कलमावर बोट ठेवलं आणि दादाभाईंनी एकेका कलमाचं उत्तर दिलं. त्यातला रेल्वेचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. पंजाबातला गहू मुंबईला आला की त्याची किंमत वाढते, तेव्हा ती वाढ देशाच्या उत्पन्नात धरली पाहिजे, असं डॅन्व्हर्स यांचं म्हणणं. दादाभाईंचं उत्तर असं की गहू होता तेवढाच आहे, गाडीत बसवल्याने त्यात दाणाभरही भर पडलेली नाही. आज राष्ट्रीय उत्पन्न मोजताना वाहतुकीने पडणारी भर धरतात, त्यामुळे या एका कलमात डॅन्व्हर्स यांची बाजू जास्त टिकणारी वाटते. त्याने दादाभाईंचं मोठेपण कणभरही उणावत नाही. एक राज्यकर्त्यांचा माणूस, दुसरा प्रजेचा. तरी एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी काय येतं, हाच प्रश्न आहे एवढं दोघांनाही मान्य होतं. त्यामुळे कोण कुठे चुकतो हे तिसऱ्याला तपासता आलं, आणि आज आपल्यालाही येतं.

या वादात एक माणूस मात्र बोलत नव्हता. ज्याच्या उत्पन्नाचा हिशेब चालला होता तोच. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा तो छापून येण्याची वाट न पाहता जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवला. शेतकऱ्याची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे असं न्यायमूर्ती रानडे एका भाषणात म्हणाले, त्याला जोतीरावांनी 1885 मध्ये ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून उत्तर दिलं. माझ्या लेखी या वादाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी आहे. आकडा बरोबर असूनही तो कुठे उभं राहून मोजला यावर त्याचा अर्थ ठरतो, हे जोतीरावांनी दाखवलं. सारावसुली, सावकाराचं व्याज, कोर्टकचेरी, भिक्षुकाची दक्षिणा हे सगळं एकाच शेतकऱ्याच्या खिशातून जातं, हे पुण्यातल्या सभेत बसून दिसत नव्हतं.

1923 मध्ये डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी केन्ससारख्या नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताशी सामना केला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांना ग्रंथातली बरीच टीका मान्य नव्हती, आणि तसं नोंदवूनच त्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. विरोधी मताच्या माणसाला आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर जागा देण्याचा हा प्रघात पुढे फारसा चालला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जोतीरावांचा धागा नव्याने उचलला तो शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, स्वतःच्या शेताचा जमाखर्च मांडला आणि त्यातून उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी उभी राहिली. चाकणचं कांदा आंदोलन हे त्या जमाखर्चाचंच पुढचं पान. तोपर्यंत शहरातल्या वाचकाला कांद्याचा एकच भाव माहीत होता, मंडईतला.

आता हे सगळे लोक एकाच पडद्यावर आले आहेत. तर्खडकर, दादाभाई, डॅन्व्हर्स आणि ओतूरचा शेतकरी एकाच धाग्याखाली लिहू शकतात, तेही तासाभरात. असा योग दीडशे वर्षांत आला नव्हता. म्हणूनच तो वाया जातो तेव्हा अधिक लागतं.

नोटाबंदीचं घ्या. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्रीपासून ओळख ना पाळख अशी माणसं एकमेकांशी भांडत होती. त्या वादात एक दावा अगदी तपासण्याजोगा होता : काळा पैसा बाळगणारे बँकेत यायला धजावणार नाहीत, तेव्हा नोटांचा मोठा हिस्सा परत येणारच नाही. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये हिशेब दिला. रद्द झालेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी परत आले, म्हणजे 99.3 टक्के. खरं तर इथे थांबून दोन्ही बाजूंनी या दाव्याचा निकाल लागला असं म्हणायला हवं होतं. पण तोवर प्रश्नच बदलला होता. कोणी डिजिटल व्यवहारांवर गेलं, कोणी करदात्यांच्या संख्येवर, कोणी थेट समोरच्याच्या देशप्रेमावर. डिजिटल व्यवहारांचा आणि करदात्यांचा मुद्दा रास्तच आहे. पण तो पहिल्याचं उत्तर नव्हे. नवा प्रश्न मांडण्याआधी जुन्याचा निकाल कबूल करणं, एवढी एक रीत आपण हरवली आहे.

उलट उदाहरण कांद्याचं. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरपासून बंदी आली, 2024 च्या मे महिन्यात ती उठली. या काळात जिथे तिथे हमरीतुमरी चालली होती. पण अधूनमधून वाचत राहावं असंही काही सापडायचं. पगारदार माणूस विचारतो, भाव पडला तर शेतकरी कांदा साठवून का ठेवत नाहीत? चांदवड-येवल्याकडचं कोणी सांगतं की कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो तो उन्हाळ कांदा. डिसेंबरात निघतो तो लाल, तो राहत नाही, काढला की बाजार गाठायचा. मग बंदी नेमकी त्याच दिवसांत का बोचली हे एका ओळीत कळतं. तिसरा महागाईचा मुद्दा आणतो. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन अवघं 0.64 टक्के होतं. पण भाव काही आठवड्यांत दुपटी-तिपटीने उडतो, म्हणून तेवढंसं वजनही निर्देशांक हलवतं आणि सरकार धास्तावतं. एवढ्या तीन वाक्यांत जे कळतं ते आपल्या ओळखीच्या माणसांत आयुष्यभर बसून कळत नाही, कारण आपल्या ओळखीची माणसं बहुधा आपल्याच बाजूने कांद्याकडे पाहतात. घेणारे सगळे एकीकडे, विकणारे सगळे दुसरीकडे. अनोळखी माणूस आपल्याला हवा तो यासाठी.

या वादात दोन्ही बाजू खरे आकडे देऊन एकमेकांना खोटं पाडतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. एक जण दादरच्या किरकोळ बाजारातला किलोचा भाव देतो, दुसरा लासलगावच्या लिलावातला क्विंटलचा. एकाचा पहिल्या प्रतीचा, दुसऱ्याचा गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा. एकाचा परवाचा, दुसऱ्याचा गेल्या महिन्यातला. मधल्या तफावतीत वाहतूक, हमाली, तोलाई, घट आणि नफा असं सगळं आहे, आणि धोरणाबद्दल बोलायचं तर त्या तफावतीबद्दलच बोलायला हवं. दादाभाई आणि डॅन्व्हर्स गव्हाच्या गाडीवरून भांडत होते ते याच तफावतीवर.

तेव्हा पुढच्या वेळी कांद्यावर, सोयाबीनवर किंवा कापसावर कोणा अनोळखी माणसाशी जुंपली, तर एवढं करा. बाजार समिती, तारीख, प्रत आणि किमान, कमाल की सरासरी यांतला कोणता भाव ते लिहा, आणि समोरच्याकडूनही तेवढंच मागा. तो शेतकरी आहे, व्यापारी आहे की नुसता घेणारा, हेही विचारा; नाव नाही सांगितलं तरी चालेल. राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव, आवकेसकट, कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.