पाहुणा की गिऱ्हाईक?

पाहुणा कुठे संपतो आणि गिऱ्हाईक कुठे सुरू होतं, हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. मागणी वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला की भाव चढतो, एवढं शिकवलं. तेवढ्या भांडवलावर मी बँकेत वीस-बावीस वर्षं निभावली आणि २०२३ च्या दिवाळीत अडकलो.

त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकाची मुंबई आणि अहमदाबाद यांच्यात वाटणी झाली होती. १५ नोव्हेंबरला आपली सेमीफायनल वानखेडेवर, १९ ला फायनल त्यांच्याकडे. १ मे १९६० पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच राज्यात नांदली. आता वेगळ्या झालेल्या भावांसारखी एकमेकांकडचे पाहुणे मोजतात. २०११ ची फायनल वानखेडेवर झाली असल्यामुळे आमच्या ऑफिसात ती वडिलोपार्जित इस्टेट समजली जायची. पण वानखेडेवर माणसं मावतात तेहेतीस हजारांच्या आसपास आणि तिकडे एक लाख बत्तीस हजार. आकड्यांपुढे बँकेच्या माणसाने काय बोलावं?

मग हॉटेलांच्या दरांवर बोललो. ऑक्टोबरातल्या पाकिस्तानच्या मॅचसाठी अहमदाबादेत लोक इस्पितळातल्या खाटांची चौकशी करतात, अशा बातम्या आल्या होत्या. तपासणी होते आणि रात्रही निघते! "अडलेल्याला नाडतात हो हे लोक," असं मी डब्याच्या वेळी ठणकावून सांगितलं.

त्याच संध्याकाळी ओळखीच्या एकाने विचारलं, "अहमदाबादचा एक मुलगा सेमीफायनलला येतोय. दोन रात्री तुमच्याकडे झोपेल का? रात्रीचे दोन हजार देईल."

"छे हो, पैसे कसले!" मी म्हटलं. आणि जरा थांबून, "तीन म्हणून बघा."

तीन मिळाले. आमच्या जोगेश्वरीच्या हॉलमध्ये दिवाण आणि टीव्ही यांच्यामध्ये एक गादी बसते. ती घातली की बाल्कनीचं दार उघडत नाही. आईला सांगितलं, मित्राचा भाचा आहे. हिला खरं सांगावं लागलं, कारण कपाटाची किल्ली तिच्याकडे असते.

आईने त्याच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं. मॅचच्या दिवशी नेमकी भाऊबीज. तो निघताना तिने त्याच्या हातावर दही दिलं आणि माझ्या मुलीला म्हणाली, "तुला भाऊ नाही ना? ओवाळ याला." त्याने तबकात पाचशे एक टाकले. कपाटातले सहा हजार आणि तबकातले पाचशे एक, दोन्ही एकाच खिशातून आलेले. आता हे कुठल्या खात्याला जमा करायचे, सांगा!

कोहलीचं पन्नासावं शतक आणि शमीचे सात बळी बघून तो मध्यरात्रीनंतर आला. आई जागी होती.

मी अंथरुणावर पडून विचार करत होतो. हॉटेलवाल्याचं तरी काय चुकतं? त्याला नोकरांचे पगार आहेत, रिकाम्या खोल्यांचे दिवस आहेत. शिवाय तो दराचा बोर्ड लावतो आणि गिऱ्हाइकाला गिऱ्हाईकच म्हणतो. मला भाडंही हवं होतं आणि त्या मुलाने "काका" म्हणावं, हेही. हॉटेलवाला निदान पाया पडून घेत नाही.

१६ ला सकाळी त्याला आमची लेणी दाखवायला नेलं. सहाव्या शतकातली आहेत. घारापुरीला बोटी भरभरून पाहुणे जातात. आमच्याकडे जोगेश्वरीतला माणूसही पाहुणा आला तरच जातो. पाकीट परत द्यायचं म्हणून खिशात घेतलं होतं. देवीसमोर देऊ म्हटलं, तिथे पुजारी होते. बाहेर देऊ म्हटलं, तिथे रिक्षा मिळाली.

निघताना तो आईला "बा" म्हणून वाकला, मलाही वाकला. म्हणाला, "काका, फायनलला या. हॉटेल बिलकूल बघू नका, आपलं घर आहे."

तिकीट नव्हतं म्हणून सुटलो. फायनल ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून जिंकली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी पुन्हा अहमदाबादच्या हॉटेलांचा विषय निघाला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "चिवडा घ्या, घरचा आहे."

पाकीट अजून कपाटातच आहे. दिवाळी आली की आई विचारते, "तुझ्या मित्राचा भाचा यंदा नाही का येत?"