कृतज्ञता आणि मिंधेपणा

शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग किंवा लेथचे काम शिकलेल्या तरुणाचा आखाती देशाचा व्हिसा आला, की घरी पेढे वाटले जातात, चर्चमध्ये आभाराची मिस्सा होते. व्हिसा देणाऱ्या मालकाचे नाव घरातील वडीलधारी माणसे आदराने घेतात. पुष्कळदा हा मालक पाच-सात माणसांचे वर्कशॉप चालविणारा असतो. पुढे पगार थकला, ठरल्यापेक्षा अधिक तास राबावे लागले, तरी घरून सांगितले जाते, "त्यानेच तुला नेले, गप्प राहा." हा उपदेश नीतीला धरून आहे काय?

प्रथम मालकाची बाजू पाहू. परक्या देशातील अनोळखी माणसाची हमी तो सरकारपुढे घेतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी प्रायोजकाचा परवाना काढावा लागतो. लहान व्यावसायिकाला तो खर्च आणि ती कागदपत्रे जड जातात. म्हणून कामगाराने आपले कौशल्य खरे सांगावे, कराराची मुदत पाळावी, सोडायचे झाल्यास रीतसर पूर्वसूचना द्यावी. विमानातून उतरताच दुसरीकडे पळणे हा वचनभंगच होय.

परंतु या व्यवस्थेत वेतन आणि वास्तव्य दोन्ही एकाच हाती असतात. आखातातील कफाला पद्धतीत कामगाराचा मुक्काम मालकाशी बांधलेला असतो. कतारमध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागे. ती अट २०२० साली काढण्यात आली. ब्रिटनमध्ये प्रायोजकत्व संपल्यास सर्वसाधारणपणे ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. मोठ्या कंपनीत तक्रारीसाठी निराळे खाते असते. लहान वर्कशॉपमध्ये ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच पुढे ते मांडायचे. त्याची आपुलकी खोटी नसते, आणि म्हणूनच त्याला नकार देणे अधिक कठीण होते.

कोल्हापूरकरांना असे बंधन नवे नाही. महार वतनात जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात सबंध कुटुंबाला हाक येईल तेव्हा राबावे लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हे वतन रद्द केले. काही दिले म्हणून घेणाऱ्याचे सारे आयुष्य देणाऱ्याचे होत नाही, हाच त्या निर्णयाचा अर्थ.

कृतज्ञता मनुष्य आपखुशीने देतो, मिंधेपणा त्याच्याकडून वसूल केला जातो. व्हिसा हा उपकार मानला, तरी वेतन हा उपकार नव्हे, कारण घाम आधीच गाळलेला असतो. मजूर स्वदेशी असो वा परका, त्याची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्झरचेन्स' या परिपत्रकात परदेशी कामगाराला हक्कांच्या बाबतीत कमी लेखू नये, असे बजावले आहे. थकलेला पगार मागणारा तरुण म्हणूनच कृतघ्न ठरत नाही. त्याला गप्प बसविणारे कुटुंब मात्र नकळत अन्यायाला हातभार लावते.

निघण्यापूर्वीच काही गोष्टी पाहाव्यात. एजंट सरकारकडे नोंदणीकृत आहे ना? १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. कराराची प्रत घरी ठेवावी. आणि फोनवर "किती पाठवतोस?" याआधी "पगार वेळेवर मिळतो का? पासपोर्ट कुणाजवळ आहे?" असे विचारावे.

शेवटी एक प्रश्न आपल्यातील कारखानदारांना. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फौंड्रींत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुले काम करतात. आपण त्यांना खोली देतो, उचल देतो. त्यांतील एखादा हिशेब मागू लागला, तर "आम्हीच तुला आणले" हे शब्द आपल्या ओठांवर येतात काय? दुबईतील मालकाकडून आपण आपल्या मुलासाठी जो न्याय मागतो, तोच आपल्या दारातल्या मुलाला देणे आपल्याला बंधनकारक आहे.