काटा कोणाच्या हाती?

अननस आज आपल्याला घरचाच वाटतो. परंतु तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाने तो १४९३ साली ग्वादलूप बेटावर पाहिला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात आणला. त्याचे नावही तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून, पोर्तुगीजांच्या मुखाने, मराठीत आले. आता त्याच्या कुळातील शोभेची झाडे, म्हणजे ब्रोमेलियाड, सरावली-बोईसर परिसरातील अंगणांत व गच्च्यांवर येऊन बसली आहेत. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा शोभेचा अननस किंवा रुपेरी पानांतून गुलाबी तुरा काढणारा एक्मिया पाहून मन प्रसन्न होते. मात्र यांतील पुष्कळांच्या पानांच्या कडांना करवतीसारखे काटे असतात.

तेव्हा प्रश्न पडतो : ज्याचा उपयोग नाही आणि ज्याला काटे आहेत, असे झाड केवळ शोभेसाठी लावणे योग्य आहे काय?

पहिला आक्षेप आम्हांस मान्य नाही. कारखान्यांच्या सान्निध्यात दिवसभर राबून आलेल्या माणसाला दारातल्या तुऱ्याने क्षणभर विसावा मिळाला, तर तो उपयोगच होय. भाकरी पोटाची भूक भागविते. डोळ्यांनाही भूक असते.

काट्याचा दोष झाडाकडेही जात नाही. काटा हे त्याचे संरक्षण आहे. त्यामागे हेतू नाही. हेतू असतो तो लावणाऱ्याचा. कोकणात निवडुंगाची व घायपाताची कुंपणे गुरे अडविण्यासाठी घातली जात. आज आपण काटेरी झाड रस्त्याच्या कडेला लावतो, तेव्हा कोणाला अडवितो? तेथून शाळेत जाणाऱ्या मुलाला? आणि कुंडीभोवतीचे तण कोण काढते? पुष्कळदा मोलाने आलेली पाड्यावरची बाई, उघड्या हातांनी. शोभा मालकाच्या डोळ्यांना आणि ओरखडे तिच्या मनगटांना, अशी ही वाटणी होते. मजुरी चुकती केली म्हणजे ओरखड्यांचा हिशेब मिटतो, असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे.

काट्याहून न दिसणारी गोष्ट पाण्याची. यांतील अनेक झाडांच्या पानांच्या पेल्यात पाणी साठते. झाड त्यावर जगते; पण डेंग्यू पसरविणारा डासही अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा ते पाणी उपसून नवे घातले नाही, तर आपल्या शोभेची किंमत शेजारचे लेकरू तापाने फणफणून चुकविते. डास कुंपण ओळखत नाही. म्हणून शेजारधर्मही कुंपणापाशी संपत नाही.

तेव्हा झाड अवश्य लावावे, परंतु वाटेपासून दूर. त्याची निगा शक्यतो स्वतः राखावी. दुसऱ्यास सांगायची तर आधी जाड हातमोजे द्यावेत, मग काम. सौंदर्याचा भार जो स्वतः उचलतो, त्यालाच त्याचा आनंद निर्मळपणे घेता येतो.

या झाडाची रीत अशी की ते एकदाच फुलते, हळूहळू सुकते आणि बुंध्याशी नवी पिले ठेवून जाते. ती पिले शेजाऱ्यांना वाटण्यात मोठे सुख आहे. देताना फुलाचे कौतुक करावे आणि काट्याची व पाण्याची गोष्टही सांगावी. अर्धे सत्य सांगून दिलेली भेट पुरी भेट नव्हे.