‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय

समजा, चार मित्र आहेत. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात राहतात. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट. चौघांकडे स्नोमोबाईल आहेत आणि दहा-बारा हिवाळे त्या चालवण्यात गेलेत. यंदा त्यांनी ठरवलंय, डोंगरात जायचं. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक गावाला. सॅस्कटूनहून रस्त्याने साधारण हजार किलोमीटर. फेब्रुवारीतले तीन दिवस, रजा मंजूर, हॉटेलचे पैसे भरलेले. चौघांपैकी कुणीच तिथे आधी गेलेलं नाही.

गुलमर्गला किंवा सोलंगला पर्यटकांना एक चक्कर मारून आणतात, ती स्नो-स्कूटर डोळ्यांसमोर आणू नका. डोंगरासाठी बनवलेली स्नोमोबाईल दोनशे किलोच्या आसपास वजनाची असते, दीडशेहून जास्त हॉर्सपॉवरची असते आणि कमरेइतक्या भुसभुशीत बर्फातून उभा चढ चढते. स्कीवर चालत जाणाऱ्याला जिथे पोचायला अख्खा दिवस लागेल, तिथे ती तासाभरात नेऊन सोडते. चालत जाणाऱ्याला निदान वाटेत विचार करायला वेळ मिळतो. बर्फ पायाखाली कसा वाजतोय, वारा कुठून येतोय, हे कळत जातं. यंत्रावर बसलेला माणूस मात्र आपल्या माहितीच्या बराच पुढे निघून गेलेला असतो, आणि ते त्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

आता प्रश्न असा. या सहलीत काही वाईट घडलं आणि वाचलेला मित्र म्हणाला, “आम्हाला माहीत नव्हतं,” तर त्या वाक्याला आपण किती किंमत द्यायची?

एरवी आपण ते वाक्य मान्य करतो. नव्या शहरात एखादा एकेरी रस्त्यावर उलटा शिरला, तर पोलिसही कधी कधी समजून घेतो. चूक करायला आधी माहिती असावी लागते, असं आपल्याला वाटतं. ज्याला माहीतच नाही त्याला दोष कसा द्यायचा?

पण या चौघांना एक गोष्ट निघायच्या आधीपासून पक्की माहीत आहे: आपल्याला तो डोंगर माहीत नाही. अज्ञान अचानक समोर आलं, तर ती सबब होऊ शकते. पण अज्ञानाचं बुकिंग दोन महिने आधी झालेलं असेल, तर?

बर्फाचा डोंगर अनोळखी असतो म्हणजे काय, तेही पाहू. नकाशा फोनवर असतो. उताराचा कोन मोजता येतो. बहुतेक मोठी हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमक्या चढायला मजा येते त्या उतारांवर. पण खरी अनोळख असते पृष्ठभागाच्या खाली. बर्फ थराथराने साठतो. डिसेंबरच्या एखाद्या निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री पृष्ठभागावर दवासारखे नाजूक स्फटिक धरतात. मग त्यांच्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि वर एक लादी तयार होते. खाली पत्त्यांच्या बंगल्यासारखा थर, वर लादी. तो थर आठवडेच्या आठवडे तसाच टिकू शकतो. एका स्नोमोबाईलचं वजन नेमक्या जागी पडलं की लादी निसटते. कधी कधी तर माणूस उताराच्या पायथ्याशी सपाटीवर असतो आणि हिमस्खलन वरून सुटतं.

म्हणजे तिथल्या माणसाकडे जे ज्ञान असतं ते फक्त वाटांचं नसतं. त्याला यंदाचा हिवाळा माहीत असतो: पाऊस कधी पडला, थंडी कधी आली, कोणती बाजू वाऱ्याची. फेब्रुवारीत तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाने कादंबरीची शेवटची तीन पानं उघडलेली असतात. म्हणूनच ‘ॲव्हलांच कॅनडा’ ही संस्था हिवाळ्यात रोज अंदाज प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पायऱ्या, कोणत्या उंचीवर काय स्थिती, कोणता थर सतावतोय. ज्यांनी मागची पानं वाचलेली नाहीत, त्यांच्यासाठी तो गोषवारा असतो. फुकट, फोनवर, दोन मिनिटांत वाचून होणारा.

मग तो न वाचता निघणं म्हणजे नक्की काय? विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, अशी शंका त्याला येते. पण दुरुस्ती खर्चाची. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरींतून हे जहाज सुखरूप आलंय, याही वेळी येईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता म्हणून तो सुटत नाही. असा विश्वास ठेवायचा हक्कच त्याला नव्हता. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तेवढाच दोषी ठरला असता. फक्त ते कुणाला कळलं नसतं.

स्नोमोबाईलवाल्यांना हे दुसरं पाऊल फार जवळून लागू पडतं. धोकादायक उतारावरून दहा वेळा गेलात, तर बहुधा नऊ वेळा काहीच होणार नाही. डोंगर चुकीच्या निर्णयालाही शाबासकी देतो. त्यामुळे “आम्ही गेलो होतो, काही झालं नाही” या वाक्यातून त्या उताराबद्दल फारसं काही कळत नाही.

१३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांचा अनौपचारिक मेळा भरला होता. सुमारे दोनशे माणसं जमली होती. त्या शनिवार-रविवारसाठी हिमस्खलनाचा इशारा आधीच दिलेला होता. दुपारी वरून उतार सुटला आणि खाली जमलेल्या गर्दीवर आला. दोघांचा मृत्यू झाला, तीसेक जण जखमी झाले. इशारा कुणाच्याच कानावर आला नसेल, असं मानणं कठीण आहे. पण दोनशे माणसं जिथे उभी आहेत ती जागा धोक्याची वाटत नाही. गर्दीच एक आश्वासन बनते. प्रत्येक जण मनात म्हणतो, बाकीच्यांनी बघितलंच असेल की.

मग ओळखीचा डोंगर सुरक्षित का? २८ डिसेंबर २००८ रोजी फर्नीजवळच्या हार्वी पास भागात ११ स्नोमोबाईलवाले गेले होते. सगळे जवळच्याच स्पारवुड या खाणगावातले. पहिल्या हिमस्खलनात काही जण गाडले गेले. त्यांना उकरून काढायला बाकीचे धावले, आणि त्यांच्यावर दुसरं हिमस्खलन आलं. आठ जण गेले. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या सातशेहून अधिक हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासल्या. प्रशिक्षण घेतलेली माणसंही ओळखीच्या भागात अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करताना त्याला दिसली. सवयीचा उतार आपण बघायचं सोडून देतो. घरातली पायरी जशी आपण बघत नाही, तसं.

म्हणजे अनोळखी माणसाकडे एक भांडवल असतं, त्याची शंका. मात्र ती फार काळ टिकत नाही. तिला खाऊन टाकणाऱ्या गोष्टी सहलीच्या आखणीतच दडलेल्या असतात. हजार किलोमीटर गाडी चालवून आलोय. तीनच दिवस आहेत, त्यातला एक ढगांत गेला. पैसे भरलेत. घरी सांगून ठेवलंय, व्हिडिओ टाकणार आहोत. तिसऱ्या दिवशी ऊन पडतं, समोरच्या उतारावर कुणाच्या तरी गाडीचे ताजे माग दिसतात, आणि शंका गप्प बसते.

म्हणून मला वाटतं, अशा सहलीतला महत्त्वाचा नैतिक निर्णय डोंगरावर होत नाही. तो सॅस्कटूनमधल्या स्वयंपाकघरात, चहा पिताना व्हायला हवा, जेव्हा कुणालाच काही सिद्ध करायचं नसतं. धोक्याची पायरी अमुक असेल तर अमुक कोनाच्या उतारावर जायचं नाही. उतारावर एका वेळी एकच जण. बाकीचे बाजूला, सुरक्षित जागी. पेट्रोल एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव. आणि चौघांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं की परत फिरायचं. त्याने कारण द्यायची गरज नाही. हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड. कारण तो एक जण बहुधा सगळ्यात नवखा असतो, आणि नवख्याचा ‘नको’ आपण भित्रेपणा म्हणून उडवून लावतो.

इथे कुणी म्हणेल, जीव माझा, निर्णय माझा. एकट्यापुरतं हे म्हणणं मी समजू शकतो. पण बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात दहा-पंधरा मिनिटं असतात. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. गावातून हेलिकॉप्टर उडून येईपर्यंत ती वेळ संपलेली असते. वाचवलं तर सोबतचेच वाचवणार. अंगावरचा ट्रान्सीव्हर, पाठीवरची प्रोबची लांब सळई आणि फावडं हे तिथलं आवश्यक सामान. त्यातलं फावडं कुणीही स्वतःसाठी नेत नाही. गाडलेल्या माणसाला स्वतःचं फावडं वापरता येत नाही. मी माझ्या पाठीवर मित्राचा जीव नेतो आणि तो माझा. मग मी सराव केला नाही, अंदाज वाचला नाही, तर ती निष्काळजी फक्त माझ्यापुरती कशी राहील?

आणि वर्तुळ चौघांवरही थांबत नाही. ब्रिटिश कोलंबियात डोंगरातले शोध आणि बचाव पथकवाले बहुतांशी स्वयंसेवक असतात. वाचवण्याचे पैसे घेत नाहीत. ते येतील त्याच उताराखाली उभे राहतील. त्यांच्याही पलीकडे कॅरिबू आहेत. डोंगरातले हे कॅरिबू हिवाळ्यात खोल बर्फाचा आधार घेऊन उंचावर राहतात, झाडांवरची दगडफुलाच्या जातीची शेवाळं खातात. लांडगे तिथे सहजी पोचत नाहीत. स्नोमोबाईलने दाबलेला माग त्यांना आयता रस्ता करून देतो. म्हणून काही भाग बंद ठेवलेत. बंदीची रेष नकाशावर असते, बर्फावर नसते. साउथ सेलकर्क कळपातली शेवटची मादी २०१९ च्या जानेवारीत पकडून रेव्हलस्टोकजवळच्या कुंपणात हलवावी लागली. तो कळप संपण्याला जंगलतोडीसारखी मोठी कारणं होती. स्नोमोबाईल हे एकमेव कारण नव्हे. तरीही पाहुण्याने घरात शिरताना कोण झोपलंय हे विचारायला हवं.

एवढं सगळं विचारत बसलं तर साहस उरलं कुठे? हा आक्षेप खरा आहे. सगळंच माहीत असेल तर जायचंच कशाला? पण अज्ञात दोन प्रकारचं असतं. एक, जे विचारूनही उरतं: पुढच्या वळणावरचा उजेड, खिंडीतून अचानक उघडणारं खोरं, आपलीच ताकद. दुसरं, जे आपण न विचारल्यामुळे उरतं. पहिल्यासाठी माणसं घराबाहेर पडतात. दुसऱ्याला साहस म्हणणं म्हणजे आळसाला नवं नाव देणं.

आपल्यातले बहुतेक जण रेव्हलस्टोकला कधी जाणार नाहीत. पण पावसाळ्यात रील बघून अनोळखी धबधब्याकडे निघणारे, पायथ्याच्या गावात न थांबता थेट गडाची वाट धरणारे आपल्यात भरपूर आहेत. आपल्याकडे ‘वाटाड्या’ असा छान शब्द आहे. त्याला सोबत घेतलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. तोही चुकू शकतो, आणि गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्पही बसू शकतो. म्हणून त्याला ‘वाट कुठली’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आज तू स्वतःच्या भावाला घेऊन वर गेला असतास का?’ हेही विचारावं लागतं. आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर भरलेले पैसे विसरून गावात भजी खात बसायची तयारी निघतानाच करून ठेवावी लागते.