सोड्याचा पेला आणि स्मृतीचे प्रामाण्य

अमेरिकेतील लहान गावांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढलेली माणसे आपल्या तारुण्याविषयी सांगू लागली, की गावातील ड्रगस्टोअरचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात सहज आणि मोठ्या मायेने येतो. वायुमिश्रित पाणी आरोग्यदायी असते या समजुतीमुळे सोडा प्रथम औषधविक्रेत्याच्या हाती गेला, त्याने त्यात गोड पाक मिसळले, अटलांटातील जेकब्ज फार्मसीत १८८६ साली कोका-कोलाचा पेला पाच सेंटांस मिळू लागला, आणि १९२० च्या दारूबंदीने मद्यालयांना टाळे लागल्यावर तर औषधांच्या कपाटांशेजारची, सोडा देण्याची लांब फळी गावाची बैठकच झाली. शाळा सुटल्यावर तेथील उंच, फिरत्या बैठकींवर बसून, एका आइस्क्रीम-सोड्यावर तास घालवीत, मुलामुलींनी ज्या गोष्टी केल्या त्यांना आईबापांच्या घरात जागा नव्हती; थॉर्नटन वाइल्डर यांनी ‘अवर टाउन’ या १९३८ च्या नाटकात जॉर्ज आणि एमिली यांना परस्परांवरील प्रेमाची ओळख अशाच फळीशी करून दिली, हे मला अत्यंत यथोचित वाटते.

परंतु हे माधुर्य खरे मानावे काय? न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमेत, म्हणजे प्रमाणभूत ज्ञानात, स्थान दिलेले नाही; पूर्वानुभवाच्या संस्कारापासूनच ती उपजत असल्यामुळे तिची यथार्थता त्या अनुभवाच्या यथार्थतेवर अवलंबून राहते. आणि तो अनुभव किती संकुचित होता! अनेक गावांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाचे पैसे त्याच दुकानाच्या गल्ल्यात जमा होत, परंतु त्या फळीशी बसण्यास त्याला मज्जाव असे, आणि शेजारी बसलेल्या गोऱ्या मुलांना हा दस्तुर ऋतुमानाइतका स्वाभाविक वाटे. १९५८ च्या जुलैत कॅन्सस राज्यातील विचिटा शहरी डॉकम ड्रगस्टोअरमध्ये काही कृष्णवर्णीय तरुण-तरुणी त्या बैठकींवर जाऊन बसले, पेय नाकारले गेले तरी शांतपणे बसून राहिले, दिवसांमागून दिवस येत राहिले, आणि ऑगस्टात मालकाला तो मज्जाव उठवावा लागला. त्याच महिन्यात ओक्लाहोमा सिटीत क्लारा ल्यूपर या शिक्षिका मुलांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये गेल्या. (महाडच्या चवदार तळ्याचे १९२७ साल मराठी वाचकास येथे आठवल्यावाचून राहणार नाही.)

यावरून त्या वृद्धांची आठवण भ्रामक ठरते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विचिटाच्या त्या मुलांनी मागितले ते सोबत्यांसह बसून प्यावयाचा एक पेला, म्हणजे गोऱ्या मुलांना विनासायास लाभलेली तीच साधी संध्याकाळ. आणि एखाद्या सुखासाठी माणसे शिव्याशाप सोसून तिष्ठत बसतात, तेव्हा ते सुख खरे होते याची साक्ष, ते भोगलेल्यांच्या स्मृतीहून अधिक बलवान अशी, त्यापासून वंचित राहिलेल्यांकडूनच मिळते. खोटी ठरते ती त्या सुखाला चिकटलेली ‘सारा गाव तेथे जमे’ ही ग्वाही, कारण सारा गाव तेथे कधीच जमला नव्हता.