पदरातली चिठ्ठी

भांडुपच्या डोंगरउतारावर एक चाळ होती. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, पुरुषमाणसं कारखान्यांत कामाला. त्या चाळीत दोन मुलगे एकाच नळाच्या पाण्यावर वाढले आणि एकाच वर्षी नौदलात भरती झाले. एकाचा साखरपुडा चाळीतल्याच मुलीशी झाला होता. दुसरा चाळीतल्याच एका काकूंचा एकुलता एक. काकूंना नवरा नव्हता, तो मुलगाच काय तो आधार.

३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी लढाई पेटली. मुंबईत ब्लॅकआउट सुरू झाला. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लागले, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले. भोंगा वाजला की दिवे मालवायचे. मुलगी रोज दिवस असतानाच काकूंकडे जायची. दोघी उजेड आहे तोवर भात शिजवायच्या, मग अंधारात रेडिओचा आवाज बारीक करून बातम्या ऐकायच्या. एकीचा मुलगा 'खुकरी'वर होता, दुसरीचा होणारा नवरा 'किरपाण'वर. दोन्ही जहाजं बरोबरच निघाली होती, म्हणून दोघींना बरं वाटायचं.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. दुसऱ्या दिवशी ६७ जणांना पाण्यातून वाचवता आलं. 'किरपाण' बचावली.

भांडुपला ही बातमी पोचायला वेळ लागला. आधी पोचली ती मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याची चिठ्ठी, एका सोबत्याच्या हाती. 'सुखरूप आहे' एवढीच ओळ. मुलीने ती वाचली, घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि घागर घेऊन काकूंचं पाणी भरायला गेली. घरातही तिने कुणाला सांगितलं नाही.

मग काकूंच्या दारात तार आली.

चाळ जमली, रडली, आणि हळूहळू आपापल्या कामाला लागली. मुलगी मात्र थांबली. ती काकूंच्या शेजारी झोपायची, पहाटे नळावर जायची, त्यांना दोन घास खायला लावायची. १६ डिसेंबरला ढाक्याला शत्रूने शस्त्रं ठेवली. दुसऱ्या दिवशी युद्धबंदी झाली. लोकांनी काळे कागद फाडले, मुलांनी चाळभर दिवे लावले. मुलगी उठली नाही.

काकूंनी तिच्या पदराची गाठ चाचपली. म्हणाल्या, "ही गाठ माका कधीच दिसली गो. तुझो माणूस सुखरूप आसा मा?"

मुलीने मान हलवली. तेव्हा कुठे ती रडली, आणि काकूंनी तिला जवळ घेतलं.

जानेवारीत मुलीचा होणारा नवरा रजेवर आला. चाळीच्या पायऱ्यांपर्यंत आला आणि तिथेच बसला. वर जायचं तर काकूंच्या दारावरूनच जावं लागणार होतं. काकूच खाली उतरल्या. त्याने मान वर केली नाही. "आम्ही जवळच होतो, काकू," एवढंच म्हणाला. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलंस काय रे?" मग त्याला हाताला धरून वर नेलं आणि पान वाढलं.

लढाईत कोण वाचतो आणि कोण जातो, हे कुणाच्या हातात नसतं. ज्याचं माणूस परत येतं, त्याच्या वाट्याला आनंदाबरोबर एक कामही येतं: शेजारच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं. त्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि रिकाम्या घरातून उठून दुसऱ्याच्या आनंदाला वाट करून द्यायची, हे तर त्याहून अवघड. ते काकूंनी केलं.

मुलीचं म्हणणं होतं, वर्षभर लग्न नको. काकू ऐकेनात. त्यांनीच वैशाखातला मुहूर्त काढायला लावला. हळद दळायला बायका जमल्या, तेव्हा विधवेचा हात लागू नये म्हणून काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मुलीने त्यांना आत ओढलं आणि जात्याचा खुंटा त्यांच्या हातात दिला. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावं छापली, त्यात मुलीच्या वडिलांच्या खाली काकूंचं नाव होतं.