विषमुक्त अन्न कोणते?

आमच्या नवी मुंबईत सध्या ‘विषमुक्त’ भाजीची फार चर्चा आहे. देहात विष जाऊ नये ही इच्छा रास्तच. पण माउली, फवारणी नसली एवढ्यानेच अन्न निर्मळ होते का?

आषाढात पनवेलच्या बाजारात ठाकूर-कातकरी बाया टाकळा, कुर्डू घेऊन बसतात. ना खत, ना फवारा. दुकानातल्या ‘सेंद्रिय’ पाटीला आपण मागेल तो भाव देतो आणि या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. कातकरी तर बहुतेक भूमिहीन. दिवाळी सरली की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. रानाचे ज्ञान त्यांचे, सातबारा दुसऱ्याचा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे याही आदिवासीच. त्यांनी गावठी बियाणे जपले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे शहराला बी राखणारे हात दिसले.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. हे आम्ही कीर्तनात सांगतो. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केला, ते मात्र क्वचितच. राऊळाचे दार उघडले. गायरान कसणारी दलित कुटुंबे अजून जमीन नावावर होण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

कोणी म्हणेल, बुवांनी सातबाऱ्यात कशाला पडावे? दिंडीत आपण जात न विचारता एकमेकांच्या पायां पडतो. द्वादशीला पारणे फेडताना पानातली भाजी कोणी खुडली, हे विचारायला काय हरकत आहे?